खिळे ठोकलेला पलंग

भाऊ गेल्याच्या नवव्या दिवशी दुपारी इसिल्डा फेसीनं मासे तळले, रमची बाटली काढली आणि खालच्या मजल्यावरच्या मिस ओइडाला घेऊन ती त्याच्या खोलीत गेली. हा भाऊ, व्हर्नल, बर्मिंगहॅमच्या लोखंड ओतायच्या कारखान्यात होता. जमेकाहून येऊन त्याला चार हिवाळे झाले होते. चौथा त्यानं या खोलीत खोकून काढला, आणि त्यातच गेला. भिंत कोपऱ्यापासून छतापर्यंत ओली होती. घरमालक हॅडलीला तिनं तीनदा सांगितलं होतं. ‘तुम्हा लोकांना थंडीची सवय नाही,’ एवढंच तो तिन्ही वेळा म्हणाला.

जमेकात मानतात, मेलेला माणूस नवव्या दिवशी निरोप घ्यायला येतो; मासे आणि रम त्याच्यासाठी. पलंग फिरवलेला असला की त्याला खोली ओळखू येत नाही. मग घरच्या माणसानं नाव घेऊन सांगायचं, जा आता घरी. दोघींनी पलंगाचं डोकं खिडकीकडून दाराकडे केलं. तेवढ्यात आवाज ऐकून हॅडली समोरच्या त्याच्या घरातून आला.

“काय चाललंय?”

“आमची रीत आहे, साहेब. आजच्या दिवसापुरती.”

“माझ्या घरात सामान मी ठेवतो तिथंच राहतं.”

त्यानं पलंग परत खिडकीशी ढकलला आणि हातोडी आणून चारही पाय जमिनीला खिळे मारून पक्के केले. मासे तिथंच थंड झाले. इसिल्डाच्या अंगाचा तिळपापड होत होता, पण मेलेल्याच्या खोलीत भांडू नये म्हणून ती ओठ दाबून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गादी मधोमध दबलेली होती. तिनं चादर ताणून सारखी केली. दुपारी परत खळगा. हात लावला तर उबदार, आणि जळक्या वाळूचा वास. कारखान्यातून आल्यावर व्हर्नलच्या केसांना यायचा तोच.

तिसऱ्या दिवशी रिकाम्या खोलीतला खोकला मिस ओइडानंही ऐकला. “पोरी, त्याला वाटतंय खोली अजून आपलीच आहे,” ती म्हणाली. “जाणार कसा बिचारा?”

इसिल्डा रस्ता ओलांडून हॅडलीच्या दाराशी गेली. जन्मात कुणापुढे वाकली नव्हती ती वाकली. “खिळे काढा, साहेब. त्याला घरी जाऊ द्या.”

“मग त्याच्याकडून भाडं घेऊ का?” हॅडली हसला आणि दार लावलं.

रविवारी दुपारी तो बार्बेडोसच्या एका जोडप्याला खोली दाखवायला घेऊन आला. बाईला सातवा महिना असावा. ओल झाकायला भिंतीवर नवा कागद डकवलेला होता. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस! इसिल्डा दारातच उभी राहिली.

“इथं माझा भाऊ मेला,” ती त्या बाईला म्हणाली. “या भिंतीनं मारला त्याला.”

“खोटं बोलते ही. इथं कुणी मेलेलं नाही.” हॅडली पलंगावर बसला. तळहात गादीवर थोपटत म्हणाला, “बघा, कोरडी ठणठणीत.”

त्याच्या शेजारी गादी खाली गेली.

हळूहळू. कुणी दमून बसावं तशी.

बार्बेडोसच्या बाईनं नवऱ्याचा हात धरला आणि दोघं जिना उतरून गेली. हॅडली चडफडत उठला. त्याच्या मागोमाग शेजारचा खळगा भरून आला.

जिन्यावर हॅडलीच्या बुटांचा आवाज. त्याच्यामागे एक पायरी सोडून दुसरा, जड, कारखान्याच्या बुटांचा.

इसिल्डानं खिडकी उघडली. आता हाक मारली असती तर भाऊ थांबला असता. घर तिकडे नाही रे, घर समुद्रापलीकडे आहे, आई वाट बघतेय. नाव तिच्या जिभेवर आलं.

तिला तो नवा कागद दिसत होता.

तिनं नाव गिळलं.

हॅडली रस्ता ओलांडून आपल्या घरात शिरला. समोरच्या खोलीच्या काचेतून तो दिसत होता, शेगडीकडे तोंड करून, दोन्ही हात खिशात घालून उभा.

त्याच्या घराचं बाहेरचं दार अजून सताड उघडं होतं. थोड्या वेळानं ते आतून सावकाश लागलं.