जिनिंगमधली निळी वायर

मारेगावबाहेरच्या जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, सकाळी कापसाची गंजी उपसताना बेबीताईच्या हाताला माणसाचा पाय लागला. तिची किंकाळी ऐकून मशिनी थांबल्या.

कापसाखाली रखवालदार मारोतरावांचं प्रेत होतं. डोक्यामागे लोखंडी वस्तूचा घाव.

फौजदार दीपमाला आत्राम आल्या तेव्हा आवार माणसांनी भरलं होतं.

"कॅमेऱ्यात काय आलं?"

"काहीच नाई, मॅडम," मॅनेजर राजदीप गावंडे म्हणाला. "कालच्या सांजेपर्यंत सगळं आहे. मंग बंद पडलं. या ऋतिकनं वर्षापूर्वी वायर टाकली. कच्चं काम!"

सकाळीच बोलावून घेतलेला वणीचा कॅमेरेवाला ऋतिक पांढरा पडला. "मी तवापासून इकडं आलोच नाई, मॅडम."

गावंडेच्या कॅबिनमध्ये कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर होता. शेजारी जुना स्विच, सगळ्या वायरी एकत्र येतात तो डबा. त्यावरचे बाकी दिवे लुकलुकत होते. रेकॉर्डरकडे जाणाऱ्या निळ्या वायरीचा दिवा मात्र विझलेला. वायर कुठं तुटली नव्हती, ढिली नव्हती.

"ही कोणी बदलली?"

"कोणीच नाई. वर्षभर हेच आहे."

"कॅबिनची किल्ली?"

"एकच. माह्याजवळ."

दीपमालांनी वायर काढून दोन्ही टोकं उजेडात धरली. पारदर्शक प्लगमधून आठ रंगीत तारा दिसत होत्या. एका टोकाची सुरुवात पांढऱ्या-नारिंगीनं, दुसऱ्याची पांढऱ्या-हिरव्यानं. पोलिसांच्या कॉम्प्युटर विभागात काढलेली वर्षं त्यांना आठवली.

बाहेर येऊन त्यांनी बेबीताईला विचारलं, "मारोतरावांचं कोणाशी वाकडं होतं?"

"नाई वो. पण त्याईले कोर्टात साक्ष द्याची होती. इथं कामाले असलेल्या रुपीबाईचा हात मशिनीत गेला ना, तवा हात वाचवाची जाळी काढून ठेवलती. मारोतराव म्हने, म्या पाह्यलं, मीच सांगतो."

"जाळी कोणी काढायला लावली?"

बेबीताईनं कॅबिनकडे पाहिलं आणि पदर तोंडाशी धरला.

दीपमाला आत गेल्या. ऋतिकच्या थैलीतली दुसरी वायर घेऊन त्यांनी जोडली. दिवा हिरवा झाला. पडद्यावर गंजी उमटली, आणि तिच्यापाशी उभे असलेले शिपाई.

"गावंडे, तुमचं यंत्र चांगलं आहे. वायर चुकीची होती. स्विचला रेकॉर्डर जोडायचा तर दोन्ही टोकांना तारांचा क्रम सारखाच लागतो. ही क्रॉस वायर आहे. दोन कॉम्प्युटर थेट एकमेकांना जोडायचे तर ही वापरतात. नवी यंत्रं कोणतीही वायर चालवून घेतात, ही जुनी घेत नाहीत. म्हणजे ही वायर इथं एक दिवसही चालली नसती. पण काल सांजेपर्यंत चित्रण आहे!"

"मंग... यानंच बदलली असंन."

"बंद कॅबिनमध्ये शिरून? ऋतिक, ही वायर तुझी?"

"हो. पण साहेबाच्या टेबलावरचे दोन कॉम्प्युटर जोडाले देल्ती."

शिपायानं टेबलाचा खण ओढला. कागदांखाली निळी वायर गुंडाळलेली होती. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम सारखाच.

"वायर नुसती उपटली असती, तर कोणालाही कळलं असतं," दीपमाला म्हणाल्या. "लावलेली वायर बंद दिसली की दोष ऋतिकवर. म्हणून तुम्ही अदलाबदल केली, मग मारोतरावांना गंजीकडे बोलावलं."

गावंडे खुर्चीत कोसळला. "मले त्याले फक्त समजवाचं होतं, मॅडम. रागात हात उचलला गेला."

"समजवायला निघालेला माणूस आधी कॅमेरा बंद करत नाही, गावंडे."

त्यांनी शिपायाला गावंडेच्या हातात बेड्या घालायला सांगितलं.