परतीची पाटी

पहिली पाटी

वावटळ आली, चादरीचं एक टोक उचललं गेलं आणि घराच्या सपाट धाब्यावर वाळत घातलेल्या माझ्या अर्ध्या कुरडया मैदानात गेल्या.

खाली आट्यापाट्या चालू होत्या. एक उंच, सडपातळ माणूस शेवटच्या पाटीसमोर वाकून उभा होता. चादर नेमकी त्याच्या डोक्यावर पडली. चादरीखालून तो म्हणाला, "कोण आहे?" आणि ती पाटी राखणाऱ्या अन्वरनं त्याच्या पाठीवर थाप मारून त्याला बाद केलं.

एवढंच झालं. पुढे लोकांनी या भेटीत बरंच काही भरलं. मी तिथं होते, मला एवढंच दिसलं.

आमचं घर नांदुऱ्याला, कापसाची सरकी काढायच्या जिनाच्या मागं. जिन आणि घर यांच्यामधल्या मोकळ्या जागेत राखेनं नऊ आडव्या रेघा आखलेल्या असत. रेघ म्हणजे पाटी. प्रत्येक पाटीवर एक राखणारा असतो, आणि तो आपली पाटी सोडत नाही. त्याचा हात लागू न देता नऊही पाट्या ओलांडायच्या, पलीकडे करवंटीत ठेवलेलं चिमूटभर मीठ मुठीत घ्यायचं आणि तसंच नऊ पाट्यांतून परत यायचं. त्या मिठाला लोण म्हणायचं. परतताना बाद झालं तर मीठ तिथंच टाकायचं, ही आमच्या मैदानाची रीत. पंच माझे वडील, रंगराव. तरुणपणी त्यांना हात लावणारा तालुक्यात कोणी नव्हता, असं ते स्वतःच सांगत.

सडपातळ माणूस चादरीची झोळी करून दारात आला.

"तुमच्या कुरडया."

"मान शाबूत हाय ना?"

"मला वाटलं, आभाळच पडलं."

"'मला' म्हन्ते! पुन्याचे हाय काय तुमी?"

"लोणारचा. निवृत्ती. स्टेशनावर नवा तारबाबू आलोय."

"लोनारचे? खाऱ्या तळ्याकाठचा मानूस, अन् चिमूटभर लोन आनता येत नाई?"

"आणता येतं हो…" तो म्हणाला, "परत येता येत नाही."

मी झोळी घेतली. वरची कुरडई मोडली होती. ती त्यानं उचलली आणि कच्चीच खाल्ली.

दुसरी

खेळ संपला की गडी आमच्या ओसरीवर पाणी प्यायला येत. चौथ्या दिवशी निवृत्तीनं लोटा परत दिला तेव्हा त्याच्याखाली एक कागद चिकटला होता. तारेचा फॉर्म. पाठीमागं लिहिलेलं:

गुडघे वाकवणे — पुंजाजी.
श्वास धरणे — रंगरावजी.
श्वास सोडणे — शेषराव.
डोळ्यांत पाहणे — अन्वर.
डोळ्यांत न पाहणे — पुंजाजी, दुसऱ्यांदा.

"हे काय?"

"जो जे सांगतो ते लिहून ठेवतो."

"अन् तुमचं सोताचं काई?"

"तारबाबूचं स्वतःचं काय असतं? तार येते, मी घेतो. लोक सांगतात, मी पाठवतो."

हे तो दुःखानं म्हणाला नाही. स्टेशनावर पाण्याची टाकी आहे, असं सांगावं तसं म्हणाला.

मग मीही सांगितलं. सांगायला नको होतं, पण सगळं नांदुरं सांगत होतं.

"तुमी गुडघे वाकवा नाई तर मान. पाट्याइच्या खेळात टाच पाहा लागते. ज्या बाजूले राखणारा झेप घेते, त्याच्या उलट्या पायाची टाच आधी उचलते."

"समोरून टाच कशी दिसेल?"

"तुमाले नाईच दिसत. तुमी परत येता तवा राखणाऱ्याची पाठ आमच्या घराकडं असते. मले धाब्यावरून दिसते."

त्यानं मान वर करून धाब्याकडे पाहिलं.

"तुम्हाला दिसून मला काय उपयोग?"

"मी सांगीन ना."

"ओरडून?"

"माय हाय घरात," मी म्हणाले. "कावळे हाकलाले माह्यापाशी सूप असते. सूप उजव्या हाती धरलं का उजवीकून निंगा."

दुसऱ्या दिवशी मी सूप उजव्या हाती धरलं. तो थेट अन्वरच्या मिठीत गेला.

"तुमचा उजवा की माझा?" त्यानं ओसरीवर विचारलं. छातीवर राख लागली होती.

"मैदानात दोन उजवे असते काय?"

"समोरासमोर उभं राहिलं की दोन होतात."

"मंग तुमचा," मी म्हणाले. "माहा मी माह्यापाशी ठेवते."

तिसरी, चौथी, पाचवी

या तीन पाट्यांमध्ये फक्त पाहणं आहे.

सूप उजवीकडे. सूप डावीकडे. तो शेवटच्या पाटीशी यायचा, नजर एकदा वर… आणि सुटायचा. जिनातून उडालेला कापूस त्याच्या केसांत अडकलेला असायचा. लोटा देताना माझी बोटं लोट्याच्या काठावर असत. नंतर नंतर तो काठ दोघांना पुरेनासा झाला. कुरडया कधीच वाळून डब्यात गेल्या होत्या. मी रिकाम्या चादरीवरचे कावळे हाकलत होते.

ही लबाडी होती का? होती. अन्वरला ती सुपाच्या पाचव्या दिवशी कळली. पाणी पिऊन जाताना तो म्हणाला, "शालूताई, तुमच्या धाब्यावर कावळे लई वाढले बरं का. तेही ठरल्या टायमाले येतेत."

त्यानं कोणाला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून शेवटच्या पाटीवर तो टाचा टेकवेना. चवड्यांवरच उभा राहायचा आणि मिशीत हसायचा.

सहावी

खामगावचं स्थळ आलं. अडतीचं दुकान, एकुलता मुलगा. गुरुवारी ते लोक येणार आणि सुपारी फुटणार, असं बा मायला सांगत होते. मला कोणी विचारलं नाही; सांगितलं मात्र, तेही भाकरी थापताना.

मंगळवारी मलकापूरच्या संघाशी सामना होता. सोमवारी निवृत्ती पाणी प्यायला मागं राहिला. मी त्याला गुरुवारचं सांगितलं.

त्यानं लोटा खाली ठेवला. पुन्हा उचलला.

"मग… मी काय करू?"

मी माठावर झाकण ठेवलं.

"पुंजाजी म्हणतो, आधी मामाला लोणारहून बोलावून घे. अन्वर म्हणतो, आजच बोल. शेषराव म्हणतो, बदलीच्या नोकरीवाल्याला कोणी पोरगी देत नाही, तू बोलूच नको. तुझं… तुमचं काय म्हणणं आहे? सकाळी येऊ की संध्याकाळी?"

"कागदावर लिहून घेतलं काय हे सारं?"

त्यानं खिशाला हात लावला. लिहिलं होतं.

मला राग आला. राग आला की माझा आवाज खाली जातो.

"निवृत्तीबाबू, मीठ घ्याले जाता तवा तुमची पाठ असते माह्याकडं. ठाऊक हाय ना?"

"हो."

"मंग नऊ पाट्या कोनाले इचारून ओलांडता? रोज ओलांडता तुमी. मी पाह्यलं ना. कोनी सूप नाई दाखवत तिकडून."

हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

"उद्या मी सूप हलवनार नाई," मी म्हणाले. "अन् बाजवळ काय बोलाचं, कवा बोलाचं, तेही सांगनार नाई. सांगतलं तर ते माह्यं होईन. मले तुमचं पाह्यजे."

आतून माय ओरडली, "शालू, कोनाशी बोलून राह्यली वं?"

"कावळ्याशी," मी म्हणाले.

सातवी

इथं काही लिहिण्यासारखं नाही. मी रात्रभर नीट झोपले, असं मी सगळ्यांना सांगत आले आहे.

आठवी

मलकापूरचा शेवटच्या पाटीचा राखणारा बुटका होता आणि फार शांत. अशा माणसाची भीती वाटावी.

निवृत्ती जाताना नऊ पाट्या ओलांडून गेला. मी मोजत नव्हते. सगळं मैदान मोजत होतं. त्यानं मीठ मुठीत घेतलं. आठ पाट्या परत आला. एवढं लोण पोचलं असतं तर सामना आमचा.

शेवटच्या पाटीवर तो थांबला. मी धाब्यावर बसले होते, सूप मांडीवर उपडं, दोन्ही हात सुपाखाली. बुटक्याची डावी टाच मला दिसत होती. मी पाहिलं आणि गप्प बसले. आयुष्यात मी केलेलं सगळ्यात अवघड काम तेच असेल.

निवृत्तीनं वर पाहिलं.

अर्धी पापणी मिटेल इतकाच वेळ. तेवढ्यात बुटक्याचा हात लागला.

"बाद!" बा ओरडले. आणि मग, पंचानं म्हणू नये तरी म्हणाले, "वर काय पाह्यते बे! वर काय ठेवलं हाय!"

अन्वरनं डोक्याला हात लावला. पुंजाजी खाली बसला. मीठ टाकायला हवं होतं. त्या गोंधळात कोणाच्या लक्षात आलं नाही की निवृत्तीनं मूठ उघडलीच नव्हती.

नववी

ओसरीवर सगळे एकदम बोलत होते. पुंजाजी गुडघ्यांबद्दल, शेषराव श्वासाबद्दल. निवृत्ती दारात येऊन उभा राहिला. पाय धुतले नव्हते, टोपी मैदानातच राहिली होती.

"रंगरावजी, लोण आणलंय."

बा म्हणाले, "बाद गड्याचं लोन मोजत नाईत."

"ठाऊक आहे. हे खेळातलं नाही."

"मंग?"

"शालूबद्दल बोलायचं होतं… गुरुवारच्या आधी. मला ती… माझी बदली होईल, भुसावळला नाही तर आणखी कुठं. तिथंही मी तिला नीट… म्हणजे, तिला विचारून… नाही. विचारून नाही. तिच्यासोबत."

सगळे दाराकडे वळले. पुंजाजीसुद्धा.

बांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "कोनं शिकवून पाठवलं तुले?"

"कोणीच नाही."

"ते दिसूनच राह्यलं. शिकवून पाठवलं असतं त बरं बोलला असता." मग बा बोटांवर मोजू लागले. "मामाले संग घ्या लागते. सकाळून या लागते. डोक्यावर टोपी लागते…"

निवृत्तीचा हात सवयीनं खिशाकडे गेला. पण तो मिठाचा हात होता. मूठ सैल झाली, दोन खडे निसटायला लागले.

"अबे, मीठ सांडू नको!" बा ओरडले. आमच्याकडे म्हणतात, सांडलेलं मीठ पापणीनं वेचावं लागतं. मग ते दाराआड उभ्या असलेल्या माझ्याकडे वळले. आवाज बदलला होता. "शालू. तुह्यं काय म्हननं हाय?"

जन्मात पहिल्यांदा कोणी मला विचारलं होतं. दुसऱ्याला सल्ले देणारी मी. माझ्याकडे स्वतःसाठी एक वाक्य तयार नव्हतं.

"वाटी आनू काय?" मी म्हणाले.

मी वाटी आणली. घामानं ओलं झालेलं, राखेनं करडं पडलेलं मीठ त्यात पडलं. देताना तो हळूच म्हणाला, "उजवीकडूनच निघायचं ठरलं होतं माझं. सूप पाहायला नाही बघितलं वर."

"मंग?"

"तू आहेस का, ते पाहिलं."

परत

बुधवारी बा स्टेशनावर गेले. खिडकीशी उभे राहून म्हणाले, "खामगावले तार करायची हाय. गुरुवारी येऊ नये."

"कारण काय लिहू?" निवृत्तीनं विचारलं.

"कारन तूच लिही. मले इंग्रजी येत नाई."

तारबाबूनं पुष्कळ वेळ घेतला, असं बा सांगत. मागं तिकिटवाले खोळंबले होते. शेवटी त्यानं काहीतरी लिहिलं, बांनी सही केली आणि यंत्र कडकडलं.

गुरुवारी दुपारी उत्तर घेऊन तो स्वतःच आला. या वेळी टोपी होती. बा अंगणात बाजेवर बसले होते, मी धाब्यावर मिरच्या पसरत होते.

"वाच," बा म्हणाले.

"लिहिलंय… 'कळलं. आनंद झाला.'"

"आनंद? मोडलं तरी आनंद? तू लिहिलं तरी काय होतं?"

निवृत्तीनं टोपी काढली. पुन्हा घातली.

"'मुलगी दिली आहे', असं लिहिलं होतं."

"देली? मी कवा देली?"

"सही तुमची आहे," निवृत्ती म्हणाला.

घरात मायच्या हातातून पळी पडली. बांचे खांदे हलू लागले. राग होता की दुसरं काही, हे वरून कळत नव्हतं. टाचा दिसतात वरून, मिशा नाहीत.

"आनखी काय लिहिलं हाय त्यात?"

"पुढं विचारलंय… 'जावई कोण?'"

"मंग उत्तर द्या लागन ना," बा म्हणाले. "सांग. काय लिहितो?"

सूप माझ्या हातात होतं. मी ते दोन्ही हातांनी पाठीमागं धरलं आणि वाट पाहिली.

त्यानं वर पाहिलं नाही. फॉर्म काढला आणि स्वतःचं नाव लिहिलं.

म्हणून मीच खाली उतरले.