थांबा, हे शेवटचं पान आहे

पुस्तकाच्या दुकानात त्याने आणि मी एकाच पुस्तकावर हात ठेवला, आणि दोघांनीही एकदमच मागे घेतला.

"घ्या ना..."

"नको, तुम्ही घ्या."

"अहो घ्या, माझ्याकडे आहे," तो म्हणाला आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "म्हणजे... पुष्कळ आहेत."

"पुष्कळ असून परत घ्यायला आलात?"

"घ्यायला नाही. शिल्लक आहे का, ते बघायला."

मी चष्म्याच्या दुकानात काम करते, त्यामुळे माणसाच्या चेहऱ्याआधी मला त्याची फ्रेम दिसते. याची फ्रेम डावीकडे कललेली होती. काडी सैल झाली होती आणि तो दर वाक्याला बोटाने ती वर ढकलत होता. तळहाताच्या कडेला शाईचा डाग. हसला की खालच्या ओठाचा एकच कोपरा हसायचा, दुसरा विचार करत राहायचा. मला मेलीला तो कोपरा फार आवडला.

पुस्तक म्हणजे पाणबुड्यांच्या मांगाचा पहिला भाग. पाण्याखाली गेलेलं आपलं गाव शोधणाऱ्या शाळकरी मुलांची ती जपानी चित्रकथा. आपल्या भाषेत ती एकच प्रकाशनसंस्था काढायची, आणि तिने आठवड्यापूर्वी जाहीर केलं होतं की आता बंद. चौदा भाग निघाले, पंधरावा, म्हणजे शेवटचा, निघणारच नाही. झालं! जो तो रडायला लागला आणि दुकानातलं कपाट दोन दिवसांत रिकामं झालं. उरला होता तो हा एक.

मी ऐटीत पुस्तक उचललं आणि उघडलं. समोर एकच पान, मधोमध पाणबुड्याचा उघडा पंजा, आणि खाली अक्षरं: 'थांबा! हे शेवटचं पान आहे. पुस्तक उलटं करा आणि दुसऱ्या बाजूने सुरुवात करा.'

मी फटकन मिटलं. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं हो! पण मी सगळं वाचलं होतं ते फोनवर, कुणी कुणी चोरून टाकलेली पानं अंगठ्याने वर सरकवत. त्यात कुठली उजवी आणि कुठली डावी? हाताला सवयच नव्हती.

तो बघत होता.

"बांधणी बघत होते," मी म्हणाले.

"हो का? कशी आहे?"

"घट्ट आहे."

"वा," तो म्हणाला, आणि ओठाचा कोपरा हसला.

दुकानाच्या दाराशी कॉफीचं मशीन होतं. त्याने दोन कप घेतले, एक माझ्यापुढे धरला. मी विचारलं, तुम्ही करता काय?

"मी फुगेवाला."

"बागेबाहेर उभे असता ते?"

"ते हवा भरतात, मी बोलणं भरतो. चित्रातल्या माणसाच्या तोंडाशी फुगा असतो ना, त्यात आपल्या भाषेतली अक्षरं बसवायची. लांब वाक्य, लहान फुगा. रोजची मारामारी." त्याने काडी वर ढकलली. "म्हणजे या महिन्यापर्यंत. मग बघू."

मी कप खाली ठेवला. हाच माणूस... या पुस्तकातलं प्रत्येक 'अरे' आणि 'आई गं' याच्या हातचं!

"उद्या दुपारी चाहते आमच्या ऑफिसखाली जमणार आहेत," तो म्हणाला. "आपापली पुस्तकं घेऊन. कुणीतरी ग्रुपवर लिहिलंय, 'आमच्या लहानपणाला कुलूप लागतंय, हात धरायला या.' आमच्या प्रकाशक बाईंनी ते वाचलं आणि किती तरी वेळ खिडकीशी उभ्या राहिल्या. जिने लिहिलंय तिला एकदा बघायचंय मला."

"बघताय की," मी म्हणाले. लिहिलं होतं मीच, पण जिभेला हाड नसतं ते असं.

त्याचा चेहरा असा उजळला की मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटलं. "तुम्ही? मग चौदाच्या चौदा असतील!"

"अर्थात. हा पहिला एका मैत्रिणीने नेला तो नेलाच. म्हणून परत घेतेय."

"पाहिलंत ना मग? वरचं गुळगुळीत वेष्टन काढलं की आत साध्या पुठ्ठ्यावर एक छोटं चित्र असतं. दर भागात वेगळं. फोनवाल्यांना पत्ताच नसतो त्याचा." त्याने कपातल्या कॉफीकडे बघत विचारलं, "पहिल्या भागातलं मांजर आवडलं?"

"फार गोड आहे," मी म्हणाले. "विशेषतः शेपटी."

"शेपटी," तो हळूच म्हणाला. "हो. उद्या या नक्की."

घरापर्यंत मी चालत नव्हते, तरंगत होते. दार वहिनीने उघडलं. माझ्या हातातली पिशवी बघून तिने भुवया चढवल्या.

"पुस्तक? तू? विकत? फोन बिघडला की काय?"

"वहिनी, जरा गप्प बस."

खोलीत जाऊन मी वेष्टन अलगद काढलं. खाली साधा, राखी पुठ्ठा. त्यावर पाण्याच्या काठाला काढून ठेवलेले बुटांचे दोन जोड, एक मोठा, एक लहान. मी पुस्तक उलटं केलं. सुलटं केलं. मागे, कडेला, कण्यावर, सगळीकडे बघितलं.

मांजर नव्हतं.

मी पलंगावर बसले ती बसलेच. त्याला कळलं होतं. दुकानात, तिथेच, मी बांधणीची घट्ट गोष्ट सांगत होते तेव्हाच. आणि मी शेपटीचं कौतुक केलं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कान इतके तापले की वाटलं, आता धूर निघेल.

वहिनी कपड्यांची चळत घेऊन आत आली. तिला मी सगळं सांगितलं, कारण तिच्यापासून काही लपत नाही आणि लपवलं तर ती दादाला विचारते.

"म्हणजे पुस्तकं तू एकही घेतली नाहीस," ती घड्या घालत म्हणाली, "आणि प्रकाशन बंद पडलं म्हणून गळा काढलास सगळ्यांत मोठा. याला चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात गं."

"मला आवडायचं ते खरंच! रडले तेही खरंच रडले."

"असशील. पण आवडायचं त्याच्या हातचं, आणि जेवायचीस चोराच्या ताटात?"

मी उशीत तोंड खुपसलं. "उद्या जाणारच नाही मी."

"शाब्बास! लोकांना आवतण देऊन यजमानच पळाला." तिने माझा एक मोजा माझ्या अंगावर फेकला. "नको जाऊस. पण मग त्या फुगेवाल्याचं नावही काढू नकोस माझ्यापुढे."

दुसऱ्या दिवशी गेले. पाय ओढत गेले.

ऑफिस एका शिवणकामाच्या दुकानावर होतं, पहिल्या मजल्यावर. खाली फुटपाथवर ही गर्दी! कुणाकडे तीन भाग, कुणाकडे सात. एकाने कागदाचा पाणबुड्याचा मुखवटा चढवला होता. टाय लावलेले, डोक्यावर मोजके केस राहिलेले एक काका जेवणाच्या सुट्टीत आले होते. त्यांच्या पिशवीत चौदाही भाग होते, प्रत्येकाला पारदर्शक प्लॅस्टिक. "बायको म्हणते, माझ्यापेक्षा यांना जपता," ते सगळ्यांना सांगत होते. मला ओळखणारे 'ताई, ताई' करत पुढे आले. एकीने मला मिठीच मारली. माझ्या पिशवीत एकुलता एक पहिला भाग होता, आणि मी पिशवी दंडाखाली दाबून धरली होती.

तो दारात उभा होता, खोकी रचत. माझ्याकडे पाहिलं त्याने. हसला नाही. नजरही काढली नाही. मीच खाली बघितलं.

मग बाई जिना उतरून आल्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, हातात जाडसर काहीतरी. आवाज अगदी साधा.

"पंधरावा भाग तयार होता. फुगे भरून झाले होते. छापणं काही जमलं नाही. ही तपासणीसाठी काढलेली एकच प्रत आहे." त्यांनी गर्दीत नजर फिरवली. "ज्या मुलीने तुम्हाला सगळ्यांना इथे आणलं, तिला ही द्यावी असं मला वाटतं. आमची सगळ्यात सच्ची वाचक ती. कुठे आहे?"

टाळ्या सुरू झाल्या. कुणीतरी मला पुढे ढकललं. बाईंनी प्रत माझ्या हातांवर ठेवली, वर स्वतःचा हात ठेवला. तो हात गार आणि हलका होता.

घेतली असती तर कुणाला कळणार होतं? एकट्या त्याला. आणि तो बोलला नसता, हे मला त्याच्याकडे न बघता समजत होतं. त्याच्या खोक्यावरच्या चिकटपट्टीचा चर्र आवाज मध्येच थांबला होता.

"बाई," मी म्हणाले. "मी तुमचं एकही पुस्तक घेतलेलं नाही. आजवर. काल घेतलं, हा पहिला, तोही इथे मिरवायला. बाकी सगळी फोनवर वाचली, फुकट. पंधराव्याचा शेवटही वाचलाय मी तसाच, इंग्रजीत." टाळ्या कधीच थांबल्या होत्या. "हे बंद पडलं ते माझ्यासारख्यांमुळे. मला ही देऊ नका. त्या काकांना द्या."

धरणी दुभंगून पोटात घेते म्हणतात, फुटपाथला काही दया आली नाही. मागून कुणीतरी "काय निर्लज्ज आहे" म्हणालं. मिठी मारणारी मुलगी बाजूला सरकली. काकांनी प्रत घेतली आणि छातीशी धरली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"आवडली होती का?" त्यांनी विचारलं.

"फार."

"मग निदान एवढं तरी खरं होतं," त्या म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी गर्दीतून वाट काढत मागच्या गल्लीत गेले. तिथे इमारतीचा लोखंडी जिना होता. त्याच्या खालच्या पायरीवर बसून मी मनसोक्त रडले, नाक पुसायला रुमालही नव्हता. कुणीतरी पुठ्ठ्याचे तुकडे बाजूला करून शेजारी बसलं.

"मांजर नव्हतं," मी त्याच्याकडे न बघता म्हणाले.

"नव्हतं."

"तुम्हाला कधी कळलं?"

"बांधणी बघितलीत तेव्हा."

"मग मांजराचं कशाला काढलंत? मला आणखी तोंडघशी पाडायला?"

"वाटलं, घरी जाऊन वेष्टन काढाल, आणि मग येणार नाही." तो पुठ्ठ्याचा तुकडा दुमडत राहिला. "न आलात तर विसरायला सोपं गेलं असतं."

"आणि आले तर?"

"त्याचं काही ठरवलं नव्हतं."

"रागावलायत?"

"हो," तो म्हणाला. "खूप. एकेका फुग्यासाठी मी दुपार दुपार घालवली आहे. काल तुम्ही मांजराची शेपटी काढलीत तेव्हा मला हसू आलं, आणि घरी गेल्यावर राग आला. अजून आहे." त्याची काडी पुन्हा घसरली. त्याने ती ढकलली, ती पुन्हा घसरली. "पण काल कॉफी पिताना मला वाटत होतं, या मुलीने आणखी थोडा वेळ खोटं बोलावं. म्हणजे थोडा वेळ आणखी थांबता येईल. याचा मला स्वतःचाही राग येतोय."

माझ्या हातांना एकच गोष्ट येते. "द्या तो इकडे," म्हणत मी त्याच्या नाकावरून चष्मा काढला, ओढणीने काचा पुसल्या, काडी अंगठ्याने हळूहळू आत वळवली आणि परत त्याच्या कानांवर बसवली. केस मागे सारताना बघितलं, त्याचे डोळे मिटलेले होते.

"दिसतंय नीट?"

त्याने डोळे उघडले. "रडून नाक लाल झालंय तुझं."

'तुझं'! मी ऐकलं ते. तो बोलून गेला आणि पुन्हा कानाच्या पाळीपर्यंत रंगला.

त्याने माझ्या पिशवीतून पुस्तक काढलं आणि मुद्दाम चुकीच्या बाजूने उघडलं. तो पाणबुड्या, तो पंजा.

"हे पान माझं पहिलं काम. इथे लागलो तेव्हा बाईंनी सांगितलं, आधी एवढं एकच पान लिही. मी दहादा लिहिलं. मनात म्हणायचो, कशाला एवढं? ज्यांना वाचायचं कसं ते माहीत आहे, ते या पानावर कधी येतच नाहीत." त्याने पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. "चुकून आलेलं माणूस काल पहिल्यांदाच बघितलं."

"आणि?"

"काय आणि? लिहिलंय ना त्यात."

मी ते पान पुन्हा वाचलं, एकेक अक्षर. 'उलटं'मधला ल जरासा तिरका होता, नवशिक्या हाताचा. माझ्या डोळ्यांतून पुन्हा धार लागली.

"मला जमेल?" मी विचारलं. "आता इतक्या उशिरा?"

"तिरकं-वाकडं वाच. मी सांगतो कुठला फुगा आधी." तो पायरीवर सरकून बसला, खांद्याला खांदा लागेल न लागेल एवढा. "पण फोन आत ठेव."

मी फोन पिशवीच्या तळाशी टाकला. मग पुस्तक उलटं केलं आणि पहिलं पान उघडलं.