‘काय मागवलंय, आजोबा?’

“त्याला सोडायचं नाही!” भिंगरीने गादीवर मूठ आपटली.

“हळू बोल! आजोबा ऐकतील,” चष्मिस म्हणाला. हा तिचा मामेभाऊ, सुट्टीला आलेला. भीती वाटली की चष्मा पुसत बसायचा.

“ऐकू देत! आता ऐकू येतं त्यांना, पण ऐकायचं काय? त्याचाच तर राग आलाय मला!”

झालं होतं ते असं. परदेशातल्या मावशीने आजोबांसाठी कानयंत्र पाठवलं. बाहेरून येणाऱ्या वस्तूवर सरकारी कर पडतो, ती कस्टम ड्यूटी. पण कोपऱ्यावरच्या कुरियरवाल्याने इतकी ड्यूटी सांगितली की आजोबांचा चेहराच उतरला. जावयापुढे, म्हणजे भिंगरीच्या बाबांपुढे, हात पसरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी गुपचूप आपला लाडका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात विकला आणि खोका सोडवून आणला. आता कानयंत्र होतं, पण ऐकायला रेडिओच नव्हता! त्याच्या रिकाम्या जागेवरची धूळ आजोबा रोज सकाळी पुसायचे. ते पाहिलं की भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्यातच मावशीचा फोन आला. “अगं, ड्यूटी मी इथेच भरलीय! आणि पुन्हा कसली?”

बाबांना सांगितलं, तर ते वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, “असेल एखादा वेगळा कर. मोठ्यांच्या भानगडीत पडू नका.”

मग काय, पडलेच दोघं भानगडीत! कुरियरच्या दुकानासमोरच्या बाकावर बर्फाचे गोळे चोखत त्यांनी ठाण मांडलं. तो माणूस इतका गोड बोलायचा, की चष्मिसने त्याचं नाव ‘साखऱ्या’ ठेवलं.

“या ताई! काय मागवलंय आत?” साखऱ्या एका बाईंना विचारत होता.

“मुलासाठी बूट.”

“वा वा! कस्टमवाल्यांनी बघून ड्यूटी लावलीय हं.”

भिंगरीचा गोळा हातातच वितळला. “ए चष्म्या! कस्टमने खोका बघून कर लावलाय, तर हा आत काय आहे ते का विचारतो?”

“म्हणजे... गिऱ्हाईक सांगेल ती वस्तू, आणि हा म्हणेल ती ड्यूटी!” चष्मिसने चष्मा पुसलाच नाही. “खोक्यावर लिहिलेलंसुद्धा वाचत नाही हा आळशी!”

भिंगरीने मावशीला फोन लावला. मावशी पोट धरून हसली, आणि मग एकदम गंभीर झाली. “पाठवते एक खोका. कुरियरच्या मुख्य कचेरीलाही मीच कळवते.”

खोका आला त्या दिवशी दुकानात गर्दी होती. रांगेत शेवटी छत्री घेतलेल्या एक बाई उभ्या होत्या. भिंगरीने त्यांच्याकडे मुद्दाम पाहिलं नाही.

“काय मागवलंय, बाळांनो?”

“कॅमेरा मी आधी धरणार हं!” चष्मिस भिंगरीला ओरडून म्हणाला.

साखऱ्याचे डोळे चमकले. त्याने खोका आणला आणि असा काही आकडा सांगितला, की रांगेतले काका मान उंच करून बघायला लागले.

“एवढी?” भिंगरीने डोळे मोठे केले. “नक्की उघडून पाहिलाय ना त्यांनी?”

“म्हणजे काय! साहेबांनी स्वतः हातात घेतला कॅमेरा.”

“काळाच आहे ना?”

“काळाकुळकुळीत!”

“मग दाखवाच सगळ्यांना!” भिंगरीने चिकटपट्टी टराटरा ओढली आणि खोका उपडा केला.

फटाक! काउंटरवर पडल्या मावशीच्या जुन्या, अंगठा तुटलेल्या चपला.

“काळ्या मात्र आहेत हं!” चष्मिस म्हणाला, आणि सगळं दुकान खो खो हसत सुटलं. दुसरा खोका न्यायला आलेल्या त्या बूटवाल्या ताई मात्र हसल्या नाहीत. “माझे पैसे आधी काढ!” त्या कडाडल्या.

“सगळ्यांचेच काढेल,” छत्रीवाल्या बाई पुढे आल्या. “मी मुख्य कचेरीतून आलेय. वरच्या कागदावर ‘जुन्या चपला’ असं ठळक लिहिलंय. दुकानाच्या किल्ल्या द्या.” मग त्या मुलांकडे वळल्या. “आमच्या लोकांना जमलं नाही, ते तुम्ही केलंत. शाब्बास!”

“शाब्बास नको,” भिंगरी दात आवळून म्हणाली. “आजोबांचा रेडिओ हवाय. आणि तो ह्यांनीच दुरुस्तीच्या दुकानातून सोडवून, उचलून आणायचा!”

संध्याकाळी साखऱ्या धापा टाकत तीन जिने चढला. खांद्यावर रेडिओ, मागे पहारेकरी म्हणून दोन मुलं. बाबा दारातच होते. “चुकलं माझं,” ते भिंगरीला म्हणाले, “तेव्हाच ऐकायला हवं होतं.”

“काय आणलंय आत?” आजोबांनी गोड आवाजात विचारलं. साखऱ्याची मान आणखी खाली गेली.

आजोबांनी रेडिओ त्याच्या जागी ठेवून लावला. गाणं सुरू झालं. कानयंत्रावर बोट ठेवून ते बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी नाक मुरडलं.

“खरखर येतेय. खाली दुकानात नेऊन नीट करून आणा.”

साखऱ्या बिचकत रेडिओ उचलून पुन्हा जिना उतरू लागला.

“आजोबा,” भिंगरी कुजबुजली, “खरखर कुठे होती?”

“नव्हतीच!” आजोबांनी तिच्या पाठीवर थाप मारली. “पण तो पुन्हा धापा टाकत वर येईल ना, ते मला ह्या यंत्राने नीट ऐकायचंय!”