चौथ्या पॅडलमधली चिप

चौथ्या पॅडलची मूठ रिकामी निघाली.

पॅडल बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरने बुडाच्या भोकातून आत पुन्हा टॉर्च मारला. बाकीच्या पाच पॅडलमधून नखाएवढी एकेक चिप निघाली होती. यातून काहीच नाही.

"कपाटाची किल्ली कोणाकडे असते?" क्लबचे सेक्रेटरी कडाडले. उत्तर त्यांना ठाऊक होतं.

"माझ्याकडे," हॉल सांभाळणारे काका म्हणाले. बावीस वर्षं ते इथल्या चार कोर्टांची फरशी पुसत आणि नेट ताणत आले होते.

"कंपनीला मी काय तोंड दाखवू? बारापर्यंत चिप आणून द्या. नाहीतर किल्ली टेबलावर ठेवायची आणि घर गाठायचं."

काकांनी किल्ली तेव्हाच टेबलावर ठेवली. मग कोपऱ्यातला फोन उचलून काटेबाईंना बोलावलं.

काटेबाई हे काही खरं नाव नव्हे. खेळाचं सामान तपासणाऱ्या प्रयोगशाळेत छत्तीस वर्षं त्यांनी प्रत्येक वस्तू आधी काट्यावर ठेवली, म्हणून काटेबाई. लाकडी रॅकेट चौकटीत आवळून ठेवायचे, त्या काळात त्या नोकरीला लागल्या. या नव्या पिकलबॉल पॅडलची पारखही क्लबने त्यांच्यावरच सोपवली होती. वर कार्बनचा खरखरीत थर, आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गाभा आणि मुठीत चिप. चेंडू पॅडलवर कुठे लागला, किती जोराने, कोणत्या तारखेला, किती वाजता, सगळं ती टिपून ठेवायची. सहाजण महिनाभर खेळले होते. आज चिपा उघडून बघायच्या होत्या.

साडेदहाला बाई आल्या.

"काका, तुम्ही घेतलीत?"

"बाई, मला टीव्हीच्या रिमोटची बॅटरी बदलता येत नाही."

"तेही खरंच. चौथं कोणाचं?"

"सरांचं."

चित्रकला शिकवून निवृत्त झालेले सर बाकावर बसून पेपर वाचत होते. शेजारी त्यांची बायको. पस्तीस वर्षं हॉस्पिटलात काढल्यामुळे त्या सगळ्यांच्याच सिस्टर. पाचवं पॅडल त्यांचं. दोघं जोडीने खेळत.

बाईंनी पर्समधून कापूस काढला आणि पहिल्या पॅडलवरून फिरवला. मध्यभागी तो अलगद सरकला. महिनाभर चेंडू आपटून तिथली खरखर गेली होती. दुसरं, तिसरं, पाचवं, सहावं, सगळीकडे तेच. चौथ्यावर मात्र मधोमध कापसाचे धागे अडकून बसले. तिथे पॅडल जवळजवळ नव्यासारखं होतं. डाव्या कडेला कापूस घसरला.

आणखी एक गोष्ट. पाच पॅडलवर चेंडूचे पिवळे डाग होते. चौथं स्वच्छ होतं.

"पुसलंय!" सेक्रेटरी म्हणाले. "बोटांचे ठसे घालवले चोराने."

"ठसे मुठीवर असतात, साहेब. मूठ कोणी पुसलेली नाही."

त्यांनी टेबलावर सोडून ठेवलेल्या मुठींच्या पट्ट्या पाहिल्या. चिपेपर्यंत पोचायला ही पट्टी उलगडावीच लागते.

"सोडताना काही वेगळं जाणवलं?" त्यांनी इंजिनिअरला विचारलं.

"वेगळं असं नाही. पाच पट्ट्यांची टोकं नखाने उकरावी लागली. चौथीचं लगेच हाती आलं. दुमडलेलं होतं."

बाईंनी ते दुमडलेलं टोक बोटांत धरून पाहिलं. मग काकांना घेऊन कोर्टावर गेल्या.

"सरांच्या खेळात काही फरक पडलाय?"

"तीन आठवड्यांमागे संध्याकाळी खेळताना पाणी प्यायला थांबले आणि मटकन खाली बसले. डाव्या हातातली बाटली सुटली. सिस्टर म्हणाल्या, उन्हाचा त्रास आहे, घरी जाऊन पडा."

"मग?"

"दोन दिवसांनी आले परत. पण तेव्हापासून सिस्टर त्यांच्या डावीकडे उभ्या राहतात. आधी उजवीकडे असायच्या. डावीकडचा प्रत्येक बॉल 'माझा, माझा' करून ओढतात. सर चिडवतात, 'अगं, मला काय नुसता शोभेला ठेवलायस?'"

काका हसले, आणि बाईंचा चेहरा बघून थांबले.

बाईंनी सिस्टरना कपडे बदलायच्या खोलीत बोलावलं. दार लोटून घेतलं.

"चिप द्या, सिस्टर."

"कसली चिप?"

"नेटजवळ पॅडल छातीसमोर धरतात. सरांना डावीकडचं दिसत नाही, म्हणून त्यांचं पॅडल उजवीकडे जातं आणि चेंडू डाव्या कडेवर आदळतो. पॅडल कपाटात जाण्याआधीच तुम्ही चिप काढलीत, डाग पुसलेत. पण झिजलेली खरखर परत आणता येत नाही. दुसऱ्या कोणी पट्टी गुंडाळली असती, तर टोक दाबून चिकटवलं असतं. तुम्ही ते दुमडून ठेवलंत. पेशंटच्या अंगावरची चिकटपट्टी काढताना कातडी ओढली जाऊ नये म्हणून हॉस्पिटलात हजारो वेळा ठेवलं असेल, तसंच. हाताची सवय."

सिस्टर बाकड्यावर बसल्या. चष्म्याच्या डबीतून त्यांनी चिप काढली, पण दिली नाही. मुठीत धरून बसल्या.

"त्यांना माहीत आहे?" बाईंनी विचारलं.

"नाही. दाराला धडकतात आणि म्हणतात, दार कोणी सरकवलं. मेंदूच्या झटक्यात असं होतं, बाई. माणसाला कळतसुद्धा नाही आपल्याला काय दिसत नाही ते."

"मग हे लपवायचं कशाला?"

"नजर नव्हती लपवायची. वेळ लपवायची होती. चिपेत तारीख आहे, मिनिटं आहेत. त्या मिनिटापासून सगळे ठिपके कडेला सरकले असणार. तेव्हाच हलवलं असतं तर काही करता आलं असतं. परक्या माणसांना मी आरडाओरडा करून स्ट्रेचरवर घातलंय. आणि घरच्या माणसाला म्हटलं, उन्हाने झालं."

"तुम्ही छताखाली खेळत होतात."

"हो ना. ऊन कुठलं?"

बाई त्यांच्या शेजारी बसल्या.

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"कोणत्या तोंडाने? ते विचारतील, तीन आठवडे काय करत होतात?"

"विचारू देत. दुसरा झटका विचारून येणार नाही. आणि बाहेर काकांची किल्ली टेबलावर आहे. तिचं काय करायचं, ते तुमच्या हातात आहे."

बाराला दहा मिनिटं होती. सिस्टर उठल्या. तोंडावर पाणी मारलं, पदर सारखा केला आणि हॉलमध्ये आल्या.

"चिप मी घेतली," सेक्रेटरींच्या पुढ्यात ती ठेवत त्या म्हणाल्या. "काकांचा काही संबंध नाही."

सेक्रेटरींनी चिप उलटसुलट करून पाहिली. मग त्यांनी किल्ली उचलून काकांच्या हातात दिली. "चुकलं माझं," ते पुटपुटले.

"अगं, चोरी? आणि तू?" सर हसत उठले. "माझा खेळ इतका वाईट आहे का?"

इंजिनिअरने काय करावं ते न सुचून चिप लॅपटॉपला लावली.

"बारा तारखेनंतरचं दाखवा," सिस्टर म्हणाल्या. "पडद्यावर मोठं करून."

पडद्यावर पॅडलची आकृती उमटली. डाव्या कडेला लाल ठिपक्यांचा गच्च थर साचला होता. शेकडो ठिपके, एकावर एक. उरलेली आकृती पांढरी होती.

सर वाकले. चाळीस वर्षं मुलांच्या चित्रांवरून फिरलेली त्यांची नजर पडद्यावरून फिरली.

"रेषा सुरेख आहे," ते म्हणाले. "पण यात काही उमटलेलंच नाही की. कोरंच आहे."

काका गाडी बघायला रस्त्यावर धावले.

सिस्टरने दोन बोटं सरांच्या हनुवटीखाली धरली आणि त्यांचा चेहरा हळूहळू डावीकडे वळवला. लाल ठिपके आता सरांच्या नजरेत आले. त्यांचा हात चाचपडत बायकोच्या मनगटापाशी आला.

"कधीपासून गं?" त्यांनी विचारलं.

सिस्टरने तारीख सांगितली. मग वेळही सांगितली, मिनिटासकट.