बाबांच्या अ‍ॅम्प्लिफायरची वायर

मला वाटलं होतं, दार उघडताच गाणं ऐकू येईल. परदेशात शिकत असताना घरी फोन केला की आईच्या मागे नेहमी गाणं चालू असायचं, चांगलं मोठ्याने. आमचं घर गाणारं घर आहे, असं मी तिथे सगळ्यांना अभिमानाने सांगायचे. बाबा गेल्यावर परतले, तर घर मुकं होतं. बाबांच्या अ‍ॅम्प्लिफायरवर चादर होती आणि त्याची वायर जवळजवळ मुळापासून कापलेली.

उंदरांनी खाल्ली, आई म्हणाली. उंदीर इतकं सरळ कापत नाहीत. पण मी वाद घातला नाही. बाबांच्या नावाने वाचनालयात एक खोली उघडायची, येईल त्याला चांगलं संगीत फुकट ऐकवायचं, हे मी ठरवूनच आले होते. वरच्या मजल्यावरच्या काकांनी रविवारचं उद्घाटनही ठरवून टाकलं. दादाला गाण्याचं वेडच होतं, असं ते डोळे पुसत सगळ्यांना सांगत होते. आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

शनिवारी संध्याकाळी मी काम काढलं. जुन्या वायरीच्या रबराचा बोटांत चुरा होत होता. ते थोटूक काढलं, नवी वायर सोलली, अर्थिंगची हिरवी तार डब्याच्या पत्र्याला घट्ट बसवली आणि दुसऱ्या टोकाला थ्री-पिन प्लग लावला. आई दारात उभी होती. "राहू दे गं," एवढंच म्हणाली. मला वाटलं, शॉकला घाबरतेय.

प्लग भिंतीत खोचून बटण दाबलं. रेकॉर्ड लावलेलीच नव्हती. आधी खरखर, मग तापलेल्या धुळीचा वास... आणि स्पीकरमधून आईचा आवाज आला. दबलेला, धाप लागलेला.

"नको ना... पोरीचा फोन येईल आता..."

काहीतरी भिंतीवर आदळलं. मी वळून पाहिलं. आईचे ओठ मिटलेले होते.

मी प्लग उपसला. दिवा विझला, आवाज विझला नाही. मग बाबा बोलले, अगदी सावकाश.

"परत कोणी जोडलं...?"

आईने पक्कड माझ्या हातात दिली. "कापल्याशिवाय थांबत नाही," ती म्हणाली. "गाणं कशासाठी लावायचे, कळलं ना?"

मी वायर कापली. शांत झालं. काकांना माहीत होतं का, असं विचारलं.

"मध्ये एक स्लॅबच तर आहे."

सकाळी मी आईला एक गोष्ट विचारली. तिने मानेनेच हो म्हटलं. मी पुन्हा नवी वायर बसवली, पण प्लग भिंतीत खोचला नाही. टेम्पो घेऊन आलेल्या काकांनी डबा उचलायला हात घातला आणि झटकन मागे घेतला. डबा गरम होता.

उद्घाटनाला कोणतं गाणं लावणार, त्यांनी हात चोळत विचारलं. गाणं लावायचं नाही, मी म्हटलं. सगळे जमले की नुसता प्लग भिंतीत खोचायचा.

आई चपला घालून तयार होती. "मी पहिल्या रांगेत बसणार," ती म्हणाली.