उसना सांधा

सकाळचा चहा आला की विमानांची देखभाल सांभाळणारी विंग कमांडर शलाका हुदलीकर कप घेऊन आधी विमानाकडे जायची आणि डाव्या पंखाच्या बुडाशी तळहात टेकवायची. पत्रा गार लागला तर विमान रात्रभर स्वस्थ होतं. कोमट लागला तर आत मलम कामाला लागलेलं होतं. गेल्या वर्षभरात तिला एकही विमान गार लागलं नव्हतं, आणि आज चौदा नंबरचा पत्रा तर आंघोळीच्या पाण्याइतका कढत होता. तिनं हात काढून घेतला आणि चहाचा घोट घेतला. चहा निवून गेला होता.

मलम हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कागदोपत्री त्याला 'स्वयंसंधायक लेप' म्हणत, पण करंजमाळच्या हवाई तळावर एवढं लांबलचक बोलायला कोणाला सवड नव्हती. लोखंडी तार हातानं पुढेमागे वाकवत राहिलं की ती कधीतरी कट्कन तुटते. शेवटच्या वेळी लावलेला जोर काही जास्त नसतो, तार थकलेली असते एवढंच. लढाऊ विमानाचंही तेच. प्रत्येक तीव्र वळणात पंखांवर विमानाच्या वजनाच्या सात-आठ पट भार येतो आणि पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या भोकांपाशी केसाहून बारीक भेगा पडू लागतात. म्हणून पूर्वी कारखान्यातूनच विमानाचं आयुष्य ठरवून यायचं. तेवढे तास उडून झाले, की रंग कितीही चकचकीत असो, विमान सेवेतून बाहेर. सुटे भाग मिळेनासे होतात, रडार जुनं पडतं, शत्रूकडे नवं काहीतरी येतं, ही कारणंही होतीच. पण त्यांच्यावर वाद घालता यायचा, मुदत वाढवून मागता यायची. धातूपुढे कोणाची मात्रा चालत नसे.

मग मलम आलं. पत्र्याखाली पसरलेले त्याचे सूक्ष्म कण विजेच्या उबेनं हलत, भेग शोधत, तिच्यात भरत आणि घट्ट होत. जिथे भार वारंवार येई तिथे ते जास्त जमत, कुदळ मारणाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडतात तसे. त्यानंतर विमानं निवृत्त व्हायची थांबली. दिल्लीत पेढे वाटले गेले. नव्या विमानांची मागणी पुढे ढकलली, मग रद्द झाली, आणि ती बनवणारा कारखाना बंद पडला. करंजमाळला एक जुना रिवाज होता. निवृत्त विमान शेवटचं उतरलं, की ज्यांचे ज्यांचे हात त्याला लागले त्यांनी खडूनं त्याच्या पोटावर आपलं नाव लिहायचं. मलम आल्यापासून तो खडू कोणी हातात घेतला नव्हता. तळावरच्या निम्म्या माणसांना असा रिवाज होता हेही ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात आठ नंबरचं विमान धावपट्टीवर उतरलं आणि त्यातून ग्रुप कॅप्टन तन्वीर मुजावर शिडीचा एकेक दांडा धरत खाली आले. मुजावर आता पंचावन्नचे झाले होते. या वयात लढाऊ विमान उडवणं पूर्वी कोणी मनातही आणलं नसतं. पण जोराच्या वळणांनी वैमानिकांचे मणके झिजतात, आणि मलमाचा एक सौम्य प्रकार हाडांनाही चालतो असं सहा वर्षांपूर्वी सिद्ध झालं होतं. त्यांच्या पाठीत तो भरला गेला, आणि विमानांसारखीच त्यांचीही निवृत्ती लांबत गेली. शलाका नवीकोरी अधिकारी म्हणून इथे आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिला विमानाच्या नाकावर बसवून चहा पाजणारे मुजावर सर हेच. त्यांच्या खांद्यावर अजून तोच रुबाब होता, पण डोळे फार दमलेले दिसत.

"शलाका, त्या चौदा नंबरचं बघ जरा," ते हेल्मेट काढत म्हणाले. "काल वळणात घेतलं तर डावा पंख ऐकतच नव्हता. मी सांगतोय आणि तो विचार करतोय. घरी आमच्या बेगमचंही असंच चालायचं म्हणा."

"आरोग्यफलक काय दाखवत होता, सर?"

"हिरवा. तो कधी लाल झालाय का?"

खरंच, गेल्या चार वर्षांत प्रकृती दाखवणारा फलक लाल झाला नव्हता, विमानांचा नाही आणि पाठीत मलम भरलेल्या वैमानिकांचाही नाही. चौदा नंबर पुन्हा उद्या सकाळी उडणार होतं, मोठा सराव होता, आणि उडवणार होते मुजावरच. शलाकानं मास्टर वॉरंट ऑफिसर डोईफोडेंना हाक मारली. डोईफोडे बीडकडचे, तिच्याइतकीच वर्षं या तळावर काढलेले. दोघांनी मिळून पंखाच्या बुडाचं झाकण उघडायचं ठरवलं. फलक हिरवा असताना झाकण उघडायचं नाही असा नियम होता. वेळ वाया जातो म्हणे.

झाकण निघालं आणि डोईफोडे मागे सरकले. "मॅडम, हे काय हो? हे तर निस्तं फुगून बसलंय."

पंख धडाला जोडणारा मुठीएवढा मुख्य सांधा मलमानं सुजला होता. एका अंगाला जाड, गाठाळ थर चढला होता. शलाकानं कपाटातलं जुनं ध्वनिलहरींचं यंत्र आणवलं, मलमाच्या आधी सगळी तपासणी त्यावरच व्हायची. यंत्राची पट्टी सांध्याच्या शेजारच्या पत्र्यावरून फिरवली. धातूची जाडी दाखवणारी पडद्यावरची रेघ खाली खाली जात राहिली. तिनं पट्टी पुसून पुन्हा फिरवली. सांध्याच्या शेजारी धातू उरलाच नव्हता म्हणायला हरकत नाही. वर रंग होता, खाली मलम होतं, आणि मधला पत्रा पापडासारखा झाला होता.

"पण गाठ आतल्या अंगाला का?" ती स्वतःशीच बोलली. "चौदा नंबर उंचावर वळणं घेतं. भार बाहेरच्या अंगाला यायला हवा. आतला भार जमिनीलगत धावणाऱ्या विमानाचा असतो. नऊ नंबरसारख्या."

तिनं गाठीकडे बोट दाखवलं. डोईफोडे खाली वाकले, टॉर्च मारला आणि सांध्यावरचा ठसा वाचला.

"नवाचाच आहे, मॅडम. मागल्या वर्साला नवाचं इंजिन गेलं, ते उभं होतं. चौदाला सांधा पाहिजे होता. कारखान्यातून येत नव्हता. आपणच काढून लावला की. सही तुमची, हात माझा."

यात लपवण्यासारखं काही नव्हतं. उसनवारी सगळेच करतात. एक विमान उभं असलं की त्याचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा आणि दुसरं उडवायचं, ही तर तळावरची जुनी रीत. रोज सकाळी वर आकडा कळवावा लागतो, आज किती विमानं उडायला तयार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणून एका पोहऱ्यातलं दुसऱ्यात ओतायचं. पूर्वी त्यानं बिघडत नसे, कारण सांधा हा नुसता सांधा होता. आता मात्र प्रत्येक भागाला तो ज्या विमानात वाढला त्याची सवय लागलेली होती. नवाचा सांधा चौदाच्या पंखात बसून नवाचंच आयुष्य जगत होता. भार आला की तो स्वतः ताठ राहायचा, आणि तो सगळा भार शेजारच्या बिचाऱ्या पत्र्यावर जायचा. पत्रा फाटू लागला की मलम तिकडे धावायचं, आणि जिथून धावलं ती जागा उघडी पडायची.

"फलक हिरवा कसा मग?" डोईफोडेंनी विचारलं.

"फलक धातू मोजत नाही, डोईफोडे. मलम कामावर आहे की नाही तेवढंच मोजतो. मलम इथे रात्रंदिवस राबतंय, म्हणून हिरवा. आजार म्हशीला आणि औषध पखालीला."

दुपारपर्यंत त्यांनी आणखी तीन विमानं उघडली. तिन्हींत उसने सांधे होते, तिन्हींत गाठी होत्या. शलाकाला भीतीपेक्षाही थकवा जास्त जाणवला. इतकी वर्षं मरणाला थोपवत आलेल्या माणसाला कोणीतरी सांगावं, की तू नुसती त्याची जागा बदलत होतीस, तसं काहीसं.

तिनं मुख्यालयात एअर कमोडोरना फोन लावला. आवाज चढू न देता सगळं सांगितलं.

"हुदलीकर, उद्या सराव आहे," पलीकडून उत्तर आलं. "फलक हिरवा आहे ना? मग सही करा. बाकीचं सरावानंतर पाहू."

"सर, पंख हवेत तुटेल."

"तुटेल की तुटू शकेल?"

"उद्या नाही तुटला तर परवा तुटेल. आणि हे एका विमानाचं नाही. आपण सगळ्यांचे भाग सगळ्यांत मिसळलेत. माझ्या मते हा सगळा ताफा निवृत्त करायला हवा."

एअर कमोडोरांचा आवाज एकदम म्हातारा झाल्यासारखा वाटला. "आणि त्यांच्या जागी काय आणू, बाई? कारखाना बंद होऊन किती वर्षं झाली? नवं विमान बनवायला आता माणसंसुद्धा उरली नाहीत. मी आकाश रिकामं ठेवू का?"

"ते मला माहीत नाही, सर," ती म्हणाली. "पण या पंखाच्या कागदावर मी सही करणार नाही. नोकरी गेली तरी बेहत्तर." तिनं फोन ठेवला. आपण घाबरलो आहोत याची तिला लाजही वाटली नाही.

कपाटाच्या मागच्या फळीवर खडूचा डबा अजून होता. तिनं चौदाच्या पोटाखाली वाकून स्वतःचं नाव लिहिलं. डोईफोडेंनी टोपी काढली, पत्र्याला नमस्कार केला आणि लिहिलं, हणमंत डोईफोडे, मु. पो. पाटोदा. ते ओक्साबोक्शी रडू लागले आणि कोणी त्यांना थांबवलं नाही.

मुजावर येऊन कधी उभे राहिले ते कळलंच नाही. उघड्या झाकणातून त्यांनी ती गाठ पाहिली. शलाकानं सगळं समजावून सांगितलं, अगदी गाठीपासून पापडापर्यंत. ते ऐकता ऐकता त्यांचा हात हळूहळू स्वतःच्या कमरेमागे गेला.

"म्हणजे जिथे भार जास्त, तिथे हे जमतं," ते म्हणाले. "आणि जिथून येतं, ती जागा पोकळ होते."

"हो, सर."

"माझ्या मामांचं मिरजेत सतारीचं दुकान होतं. दांडी वाकली की ते ती सतार भिंतीला टांगायचे. लोक म्हणायचे, दुरुस्त करा, वाजेल अजून. मामा म्हणायचे, वाजेल हो, पण तिला आता बसू द्या. निवृत्त झालो की तिथेच जाऊन बसायचं, असं मी ठरवलेलं. आमची बेगम, नसीम, होती तोवर दर वर्षी विचारायची, यंदा जायचं का?" त्यांनी खडू घेतला, सावकाश वाकले आणि विमानाच्या पोटावर आपलं नाव लिहिलं. सरळ होताना दात घट्ट आवळले, पण तोंडातून आवाज आला नाही.

"सर, सकाळी तुमची तपासणी झाली ना?" शलाकानं विचारलं.

"झाली की. रोज होते."

"काय आलं?"

"हिरवा," मुजावर म्हणाले. हातातला खडू त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला. त्यांची बोटं तापलेली होती, सकाळच्या पत्र्यासारखी. "विमानाला तू जमिनीवर थांबवलंस, शलाका. माझं झाकण कोण उघडणार?"